पुरून ठेवलेला कंद

"आधी ढाल सांभाळा, पोटाचं मग बघू," असं पेनितोआ कायम म्हणायचा. ढाल म्हणजे अळवाचं पान. देठ पानाच्या काठाला नाही, पाठीवर आत रुतलेला, ढालीच्या मुठीसारखा. ऊनपाऊस पानानं झेलायचा, खाली कंदानं निवांत पोसायचं.

त्या वर्षी सामोआत अळवावर करपा आला. पानांवर तपकिरी डाग पडत, डागांची भोकं होत आणि मळ्यात नुसते देठ उभे राहत. गावाचे सगळे मळे बसले. पेनितोआच्या मळ्यात एकच अळू तगलं. डाग त्याच्याही पानांवर पडले, पण जागीच सुकले.

नेमकी येत्या रविवारी पाद्रीबाबांना जेवण द्यायची पाळी पेनितोआच्या घराची. घरातला उत्तम कंद पाद्रीबाबांच्या पुढ्यात जायचा, ही रीत.

पेनितोआनं कंद उपटला आणि सुरी घेऊन त्याचे तुकडे करू लागला.

बायको इलिसापेता धावली. "म्हाताऱ्या, वेडा झालास? शेंडा लाव की, कंद भाजू दे!"

"शेंड्याचं एकच रोप होतं. या प्रत्येक डोळ्याला कोंब येईल."

"आणि नाही आला तर? गावात तोंड कुठं दाखवू?"

"माझ्यामागं लप," तो म्हणाला आणि तुकडे मातीत पुरायला गेला.

रविवारी पाद्रीबाबांपुढं भाजलेली कच्ची केळी आणि मासे आले. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. नणंद फाआपिओ मात्र गप्प बसेना.

"का गं वहिनी, कंद काय पुरून ठेवलात?"

"हो, पुरूनच ठेवलाय!" इलिसापेता फणकारली. घरी येऊन तिनं नवऱ्याशी अबोला धरला.

पण रोज पहाटे गुपचूप ती वाफ्याशी जाऊन यायची. एके दिवशी माती तडकलेली दिसली. मग कोंब, मग गुंडाळलेली पानं. करपा पावसातच पसरायचा; जोराच्या पावसानंतर ती जीव मुठीत धरून गेली. पानांवर चार-दोन डाग होते. भोक एकही नव्हतं.

"अरे ए म्हाताऱ्या!" तिनं हाक मारली. "ये, बघ तरी!"

रोपं हातभर झाली, तेव्हा पेनितोआनं निम्मी उपटून कावडीत भरली.

"फाआपिओला आधी दे," इलिसापेता म्हणाली. "आणि तिला सांग, खोल लाव म्हणावं. आळशी आहे ती."

तो हसला, कावड खांद्यावर घेतली आणि फाआपिओच्या घराकडं किनाऱ्याच्या वाटेला लागला. बिनभिंतींच्या घरात खांबाला टेकून ती बघत राहिली. त्याच्या पाठीमागं पानं हलत होती.