बावट्याचा काठ

माझे आजोबा काठामुळे तुरुंगात गेले.
साडीला असतो ना, तोच काठ.

आज त्यांची तिथी. फोटो एकही नाही, त्यामुळे नुसतीच पोस्ट.

आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. आजोबांना ताता म्हणायचं, आजीला अव्वा. ताता मी पाहिलेच नाहीत. हे सगळं अव्वानं सांगितलेलं, माझ्या कॉलेजच्या वयात, भाजी निवडता निवडता.

इंग्रजांनी तीस साली सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतरची वर्षं. ताता दिवसा गिरणीत, संध्याकाळी घरच्या हातमागावर. गिरणी कामगारांनी तेव्हा स्वतःचा पक्ष काढला होता. शेठजींचा नाही, वकिलांचा नाही, आपला. ताता त्यात पार बुडालेले.

पक्षाला लाल बावटा हवा होता. दुकानातून कापड आणलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण विणकरांच्या पक्षाला विकतचं कापड? ताता म्हणाले, मी विणतो.

आणि सवयीनं त्याला काठ घातला.

अव्वानं विचारलं होतं, बावट्याला काठ कशाला? तर म्हणे, बिनकाठाचं कापड मढ्यावर घालतात.

त्या काळी घराघराचा काठ वेगळा. आमच्यात काठ बघून माणूस ओळखायचे. हे पोलिसांनाही ठाऊक होतं, याचा विचार कोणी केलाच नाही.

संपात तो बावटा गिरणीच्या फाटकावर लागला. दुसऱ्या दिवशी फौजदार तो घेऊन थेट आमच्या गल्लीत.

सगळे पुरुष रांगेत उभे केले. काठ कुणाचा ते सांगा, नाहीतर गल्लीतला एकूण एक माग मोडतो, म्हणाला.

पक्षाची निम्मी माणसं त्याच रांगेत होती. 

ताता म्हणाले, "माजा हाय. ह्या हातानं इणलाय, न्हाय कसा म्हणू?"

गल्लीचे माग वाचवायला बोलले की काठाच्या अभिमानापोटी, मला आजही कळत नाही. अव्वाला मात्र त्याचा राग मरेपर्यंत होता.

तुरुंगातून सुटून आले तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मागावर आडवा दोरा नेणारा धोटा फेकता येईना. गिरणीनं दारात उभं केलं नाही. त्यात खोकला लागला. वर्षभरसुद्धा काढलं नाही त्यांनी.

तोवर पक्ष फुटला होता.

मयताला दोन्ही गट आले. दोघांकडे आपापला बावटा. तातांच्या अंगावर कुणाचा घालायचा, यावरून तिरडीपाशीच जुंपली. एकमेकांना दलाल म्हणेपर्यंत मजल गेली. तिरडी तशीच उन्हात.

अव्वा बाहेर आली. पंचविशीसुद्धा नव्हती तिची. पोटात माझे वडील.

"आदी खांदा द्या. बावट्याचं तुमी मागनं बगा की."

दोन्ही बावटे गुंडाळले गेले. दोन माणसं या गटाची, दोन त्या गटाची. स्मशानापर्यंत एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. परत आले तेही वेगवेगळ्या रस्त्यांनी.

ताता, तुमच्या पक्षाचं नाव आज आपल्या गल्लीतसुद्धा कुणाला आठवत नाही.

मला आठवतं. नातवाचा मनापासून नमस्कार.