पाय काढला की वाजणारी गाडी

तर्जनी वर करून समोरच्याला गप्प करायची मॅडमची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. शाळेत एखाद्या वर्गात गलका झाला की त्या दारात उभ्या राहायच्या, बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "एका वेळी एक." बालाघाटच्या मुलींच्या सरकारी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी भूगोल. वर्गात शुद्ध हिंदी, घरी आमची वैदर्भी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. त्यात त्या माझ्या शेजारी. त्यामुळे ते बोट मला शाळेत दिसायचं आणि सुट्टीतही.

अशी एक बाई तुमच्याही गल्लीत असेल. तिच्याकडे चहाला गेलो तरी आपण तोंडी परीक्षेला बसल्यासारखे बसतो.

मॅडमचे पती उकव्याच्या मँगनीज खाणीत नोकरीला होते. त्यांनी हौसेनं घेतलेली जुनी पांढरी गाडी ते गेल्यावर मॅडम चालवू लागल्या. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे, फुलांनी सजवलेली तसबीर घेऊन, वर्षानुवर्षं हीच गाडी चालायची. हा त्या घरचा मान होता. मॅडम तसं कधी बोलल्या नाहीत, पण मार्च लागला की गाडी जरा जास्तच धुवायच्या.

एका हिवाळ्यात बैहरहून परतताना घाटात इंजिन बसलं ते बसलंच. मिस्त्रीनं दुसऱ्याच एका व्हॅनचं इंजिन गोंदियाच्या भंगारातून आणलं आणि या गाडीत बसवलं. बॉनेट बंद करून हात पुसत तो म्हणाला, "मॅडम, आता विमान झालं तुमचं."

पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो होतो. काली पुतली चौक जवळ आला म्हणून मॅडमनी वेग कमी केला आणि मागे सायलेन्सरमधून बार उडाल्यासारखा आवाज झाला. आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात असा आवाज पोलीस गमतीवारी नेत नाहीत. चौकातला शिपाई क्षणात उसाच्या रसाच्या गाडीमागे गेला. थोड्या वेळानं टोपी सरळ करत आला आणि डिकी उघडायला लावली. आत स्टेपनी आणि छत्री.

"मॅडम, बम जैसा आवाज आया," तो म्हणाला.

"बम सुना है कभी?"

"नहीं मॅडम."

"तो फिर 'जैसा' कैसे बोला?"

शिपायानं आम्हाला जाऊ दिलं. चौक ओलांडून मॅडमनी वळणावर गाडी हळू केली, पुन्हा बार. आरशात पाहिलं तर शिपाई परत रसाच्या गाडीमागे.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या फाटकाशी तज्ज्ञांची ये-जा सुरू झाली. औषधाच्या दुकानवाल्यानं पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं निदान केलं आणि गाडीलाही जुलाब द्यावा अशा सुरात टाकी रिकामी करायला सांगितलं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या मते व्हॅनच्या इंजिनाला अजून आपण व्हॅनमध्येच आहोत असं वाटत होतं. मिस्त्री म्हणाला, "नवीन घर आहे, थोडं बोलीन ते. मग चूप बसते." कुणीतरी बंपरला लिंबू-मिरची बांधून गेलं. मॅडमनी लिंबाचं सरबत केलं आणि मिरच्या फोडणीत टाकल्या. सरबत मलाच प्यावं लागलं.

पंधरवडा झाला तरी इंजिन चूप बसेना. तेव्हा मॅडमनी तपास हातात घेतला. मिस्त्रीची पद्धत साधी होती: प्लग, वायरी, कॉइल, कार्बोरेटर, सगळं एकदम बदलायचं. मॅडमचं बोट वर झालं.

"एका वेळी एक. चार वस्तू बदलल्या अन् आवाज बंद झाला, तर बिघाड कशात होता हे तुले कसं समजीन?"

"समजून काय करा लागते मॅडम? आवाज बंद झाला ना."

मनातून मी मिस्त्रीच्या बाजूचा होतो. पण शेजार मॅडमचा होता.

मग सुरू झाली प्रयोगशाळा. प्लग बदलले की वैनगंगेच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं. आवाज. वायरी बदलल्या, पुन्हा पूल. आवाज. कार्बोरेटर धुतला, आवाज. इंजिनात ठिणगी पडायची वेळ मागेपुढे करून पाहिली, गाडी आणखी आळशी झाली आणि आवाज तसाच. प्रत्येक फेरीला मी साक्षीदार. रस्त्यावरची माणसं आम्हाला ओळखू लागली. पुलाजवळची मासे विकणारी बाई गाडी दिसली की आधीच कानावर पदर घ्यायची.

अशाच एका फेरीत मी धीर करून म्हटलं, "मॅडम, इकून टाका ना. नवीन घ्या एखादी."

त्या गिअर टाकत म्हणाल्या, "इंजिन दुसऱ्याचं आहे हो. पण क्लच आमच्या यजमानाचाच आहे. त्याहीच्या पायानं घासलेला. मी पाय ठेवला का माह्या पायाले ती जागा लागते."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पुढे पुन्हा कधी विकण्याचं काढलं नाही.

मार्चच्या अखेरीस जयंती समितीची बैठक झाली. अध्यक्ष ठेकेदार होते. साधेपणा या विषयावर ते पुष्कळ बोलले आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या गाडीचा मान आम्हाले आहेच. पण गर्दीत असा आवाज झाला, लोक पळाले, पोरंसोरं पायाखाली आली, तर जबाबदार कोण? माह्या भावाची नवीन गाडी आहे. वरून उघडते."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. भाऊ तिथेच बसला होता. त्यानंही डोलावली.

मॅडमनी बोट वर केलं नाही. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच असं झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "चूक नाही तुमचं. आवाज राह्यला तर मीच आणणार नाही गाडी."

परतताना त्या गाडी फार हळू चालवत होत्या. पुलाच्या उतारावर बार झाला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"सर, आपण इतके दिवस एकच विचारून राह्यलो, आवाज काहून होते, कशानं होते. कधी होते, हे विचारलंच नाही."

"कधी म्हणजे?"

"आता झाला तवा माहा पाय कुठं होता?"

मी पाहिलं नव्हतं. आम्ही गाडी वळवली आणि त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा गेलो. या वेळी मी रस्त्याकडे नाही, त्यांच्या पायाकडे पाहत होतो. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना कधीच नाही. उभ्या गाडीत नाही. वेगात असताना पाय काढला की मात्र हमखास.

मिस्त्रीच्या गॅरेजात पोचेपर्यंत त्यांनी धडा मांडला होता. पाय काढला की थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या गरम पाइपात जातं. जळायला त्याला हवा लागते. ती आत येते कुठून?

"फट असीन कुठंतरी," मिस्त्री म्हणाला.

"कुठं असीन?"

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. इंजिन व्हॅनचं, सायलेन्सरचा पाइप जुन्या गाडीचा. दोघांची तोंडं एकमेकांना बरोबर बसत नव्हती, म्हणून त्यानं मध्ये हातानं कापलेलं पॅकिंग घातलं होतं. मॅडमनी घरून रोजच्या वंदनेच्या उदबत्त्या मागवल्या. इंजिन सुरू केलं, मिस्त्रीनं सायलेन्सरच्या शेपटीशी ओलं फडकं धरलं, म्हणजे अडलेली हवा फटीतून बाहेर यावी, आणि मॅडम पदर खोचून बॉनेटमध्ये वाकल्या. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. जोडाच्या खालच्या बाजूला नेला तसा तो फू करून उडाला. तिथे काजळी धरली होती, आणि बोटाचं नख जाईल एवढी फट.

"पॅकिंग सरकलं," मिस्त्री पुटपुटला.

मला वाटलं, आता याची शाळा घेतली जाणार. मॅडम खाली बसल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "चहा सांग बाप्पा. तिघांचा."

दोन्ही तोंडं घासून सपाट केली, जाड पॅकिंग घातलं, आणि पुलाची फेरी मारली. मॅडमनी उतारावर पाय काढला. काही नाही. पुन्हा काढला. काही नाही. मासेवाल्या बाईनं पदर कानावर धरला होता, तो तिनं उगाचच बराच वेळ धरून ठेवला.

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येकाला ते पॅकिंग पहिल्या दिवसापासून माहीत होतं. औषधवाल्यानं तर मला बोलावून सांगितलं, "मी म्हणलंच होतं, पोटात हवा धरली आहे."

जयंतीला गाडी पुढे चालली. मॅडम पांढऱ्या साडीत, मागे तसबीर, मी शेजारी हार सांभाळत. गाडी घड्याळासारखी शांत. आणि आमच्या मागेच अध्यक्षांनी मागवलेला डीजे, भोंग्यांची माडी रचलेला ट्रक, ज्याच्या धडधडीनं दुकानांच्या काचा हलत होत्या आणि म्हातारे छातीवर हात ठेवून गल्लीत शिरत होते. त्या गोंगाटात आमच्या गाडीनं तोफ डागली असती तरी कुणाला कळलं नसतं. मॅडमना मी ओरडून तसं सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. त्या समोर पाहत होत्या, डावा पाय क्लचवर, आणि ओठ वंदनेचे शब्द म्हणत होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या लेकीनं त्यांना रायपूरला बोलावून घेतलं. गाडी ट्रकवर चढवून पाठवू, असं जावयानं सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. त्या स्वतःच चालवत निघाल्या, लांजीच्या रस्त्यानं, शेजारी लेक. मी मोटारसायकलवर रेल्वे फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद होतं. मॅडमनी इंजिन बंद केलं, खाली उतरल्या, टोपलीवाल्या बाईकडून पेरू घेतले आणि एकातला अर्धा मला दिला. मालगाडी लांबलचक होती. आम्ही मीठ लावून पेरू खात डबे जाताना पाहत राहिलो. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्या आवाजात बोलता येत नव्हतं, आणि ते दोघांनाही बरं पडलं.

रायपूरला दुसऱ्या हिवाळ्यात त्या वारल्या. लेकीचा फोन आला तेव्हा मी अंगणात होतो. पण मॅडम म्हटल्या की मला त्या दिवशीच्या दिसतात: फाटक वर गेलेलं, मागे ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत, आणि त्या मात्र पदराला हात पुसून, गॉगल नीट बसवून, कुणालाही न जुमानता सावकाश रूळ ओलांडताहेत.