सिंकखाली डोकं घातल्यावर

घरी गेल्यावर बायको विचारते, "आज काय काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, दोन फिल्टर उघडले, दोन बंद केले." आणि तोच मी संध्याकाळी दुकानात चहाला बसलो की थांबतच नाही!

नगरला सावेडीत आमचं छोटंसं दुकान आहे. मी आणि सलीम घरोघरी जाऊन सिंकखालचे पाण्याचे फिल्टर सर्व्हिस करतो, मनीषाताई दुकानात बसून फोन घेतात. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला दोन आठवतात. साठत साठत आता ढीग झालाय नुसता. आणि गंमत म्हणजे, त्यातल्या बहुतेक वेळी नक्की काय चाललंय हे आम्हाला कळलेलंच नव्हतं!

*

मनीषाताई नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळी सकाळी एका काकांचा फोन. "ताई, आमचा फिल्टर रडतोय."

ताई गडबडल्या. "रडतोय म्हणजे?"

"म्हणजे रडतोय! कालपासून."

"काका, आवाज येतोय की पाणी गळतंय?"

काका वैतागले. "अहो ताई, माणूस रडतो तेव्हा आवाज येतो की पाणी गळतं?"

ताईंनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, "तुम्हीच जाऊन बघा. मला काही कळेना."

मी गेलो. पंप कुंईकुंई करत होता आणि पाईपच्या जोडातून टपटप गळत होतं. दोन्ही! पंप बदलला, जोड बदलला. काका सिंकखाली वाकून ऐकत राहिले आणि म्हणाले, "गप झाला बिचारा."

*

पाणी किती जड आहे ते बघायला आमच्याकडे पेनासारखा एक मीटर असतो. पाण्यात बुडवला की टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, आकडा दाखवतो. एका घरी मी पेल्यात मीटर बुडवला आणि आकडा वाचला, "चारशे."

दारात बसून भाजी निवडणाऱ्या आजींचे हात थांबले. "चारशे?"

"हो आजी. जास्तच आहे."

आजींनी काळजीने विचारलं, "उपाशीपोटी की जेवण झाल्यावर?"

आता पाण्याचं जेवण कधी होतं, हे मी काय सांगणार! मी म्हटलं, "आजी, हे फिल्टरच्या आधीचं पाणी आहे."

"म्हणजे उपाशीपोटी," आजी सुनेकडे वळून म्हणाल्या. "मग कठीण आहे बाई."

*

आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एकतरी 'साईकृपा' असतोच. सलीमला ताईंनी पत्ता दिला – देवळामागची गल्ली, साईकृपा बंगला. सलीम गेला, बेल वाजवली. साहेबांनी दार उघडलं.

"फिल्टर बघायला आलोय."

"हां, या ना. आत आहे."

सलीमने सिंकखाली डोकं घातलं. फिल्टरच्या कांड्या काढल्या तर चिखलाने काळ्याकुट्ट झालेल्या! त्या बदलल्या, टाकी धुतली. मॅडमनी पोहे केले. पहिला घास तोंडात जातोय तेवढ्यात ताईंचा फोन. "सलीम, कुठे आहेस? त्या बाई कधीच्या वाट बघतायत!"

"अहो, मी त्यांच्याच स्वयंपाकघरात पोहे खातोय!"

मॅडमनी साहेबांकडे बघितलं. "यांना तुम्ही बोलावलंत ना?"

"मी? मला वाटलं तू बोलावलंस!"

समोरच्या ओळीतही एक साईकृपा होता. सलीम पोह्यांची प्लेट हातात धरून तसाच उभा. खाऊ की ठेवू? मॅडम म्हणाल्या, "खा हो निवांत. वर्षभर ह्यांच्या मागे लागलेय, फिल्टर साफ करून घ्या, फिल्टर साफ करून घ्या. बरं झालं चुकलात!"

*

एका फिल्टरच्या तोटीवर बारीकसा लाल दिवा होता. आतल्या कांड्या बदलायची वेळ झाली की तो लागतो. त्या घरच्या काकूंचा फोन आला, पाणी येत नाही. मी जाऊन बघतो तर तोटीवर टिकली चिकटवलेली! चांगली मोठी, मरून रंगाची.

"काकू, ही टिकली?"

"अहो, तिथे एक लाल दिवा सारखा लागायचा. डोळ्यांवर यायचा. टिकली लावल्यापासून बंद झाला बघा."

मी टिकली काढली. दिवा ढणाढणा जळत होता.

काकू माझ्यावरच रागावल्या. "बघा! तुम्ही हात लावला आणि लागला!"

*

हिवरे बाजारच्या बाजूला एका गावात माझं एक गिऱ्हाईक आहे. गोठ्यात चार गाई. त्या पट्ट्यात पाणी सांडलं तर लोक दूध सांडल्यासारखं बघतात. फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी बाहेर पडतं, त्याचा पाईप या दादांनी ड्रममध्ये सोडला होता.

एकदा सगळा फिल्टर साफ केला, पाणी गाळणारा आतला पडदा नवा बसवला. पाणी एकदम झकास. मी खुशीत नगरला आलो. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन. "भाऊ, तुमी काय करून ठिवलं? पानी कमी येतंय!"

"पेला भरत नाही का?"

"पेला भरतोय की! लई झकास भरतोय. ड्रम भरत न्हाई!"

मी समजावून सांगितलं, "दादा, पडदा नवा आहे, म्हणून पाणी कमी वाया जातंय. चांगलं झालं की!"

दादा म्हणाले, "ते समदं खरं हाय भाऊ. पन मग गोठा कशानं धुवायचा?"

*

आता पारनेरचं सांगतो. हे आठवलं की मी अजूनही चक्रावतो.

तिथल्या एका वहिनींचा सारखा फोन यायचा. फिल्टरला पाणी येत नाही. मी जायचो, बघायचो, तर सिंकखालचा कॉक बंद. उघडला की पाणी सुरू. पुन्हा चार-आठ दिवसांनी फोन. पुन्हा कॉक बंद!

"वहिनी, घरात लहान मूल आहे का?"

"नाही हो. मी, हे आणि नाना. माझे सासरे."

त्या दिवशी मी नीटच तपासायचं ठरवलं. कॉक उघडला, टॉर्च तोंडात धरून सिंकखाली आडवा झालो आणि एकेक जोड बघायला लागलो. तेवढ्यात माझ्या कानाशेजारून एक सुरकुतलेला हात आत आला. कॉक बंद केला. आणि हात परत गेला!

मी घाईने बाहेर आलो. डोकं ओट्याला आपटलं. समोर नाना.

"नाना, बंद का केला?"

"वरच्या आळीची पाळी हाय आता," नाना शांतपणे म्हणाले.

वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. नाना उभा जन्म गावाला पाणी सोडायच्या कामावर होते. या आळीचा व्हॉल्व बंद, त्या आळीचा चालू. आता त्यांना मुलाचं नावही आठवत नाही. वहिनींचे डोळे भरून आले. "सकाळी मला म्हणाले, तुम्ही कुणाच्या?"

मी नानांशेजारी बसलो. "नाना, मी वरच्या आळीतनंच आलोय. सगळ्यांचं भरून झालं. आता हा कॉक उघडू का?"

नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हातारीचा हंडा भरला का?"

"कुठल्या म्हातारीचा?"

"जाऊन बघून ये आधी!"

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, या जाऊन. मी बाहेर पडलो. म्हटलं, दोन मिनिटं गाडीपाशी थांबावं आणि 'भरला' म्हणून सांगावं.

समोरच्या ओट्यावर एक थकलेल्या आजी बसल्या होत्या. शेजारी रिकामा हंडा. मला बघून म्हणाल्या, "नानानं सोडलं का रं पानी?"

मला काय वाटलं कुणास ठाऊक, हंडा उचलला आणि आत घेऊन आलो.

वहिनी बघतच राहिल्या. "हा समोरच्या काकूंचा ना? अहो, त्यांच्या घरात दोन-दोन नळ आहेत!"

नाना उठले. वाकून स्वतःच्या हाताने कॉक उघडला. हंड्याकडे बघून मला म्हणाले, "अर्धाच भर रं. भरलेला उचलत न्हाई तिला."