साबणबाईंचा अहवाल

हॉस्पिटलमध्ये तिला सगळे 'साबणबाई' म्हणत. संसर्ग रोखण्याची जबाबदारी तिच्याकडे होती, आणि ही सिस्टर डॉक्टरांनाही दारातून परत पाठवायची, "आधी हात धुवा, मग ज्ञान द्या." साथ आली तेव्हा संरक्षक पोशाख कसा घालायचा, कसा उतरवायचा, हे सगळ्यांना तिनंच शिकवलं.

एका दुपारी मात्र, सलग सात तास त्या पोशाखात काढल्यावर आणि लागोपाठ दोन रुग्ण डोळ्यांदेखत गेल्यावर, पोशाख उतरवायच्या खोलीत तिचा जीव घुसमटला. तिनं गाऊन ओरबाडून काढला, जमिनीवर टाकला आणि बाहेर पळाली. कचऱ्याच्या झाकणबंद डब्यापर्यंतची चार पावलंही तिच्याच्यानं टाकवली नाहीत. वळून पाहिलं, तर सफाईच्या मावशी वाकून तो गाऊन उचलत होत्या. हातात मोजे नव्हते. त्यांना थांबवायचं सोडून ती तशीच पुढं निघून गेली.

पाचव्या दिवशी मावशींना ताप भरला. संसर्ग कसा झाला, याचा अहवाल साबणबाईंनीच लिहायचा. तिनं लिहिलं, 'सफाई कर्मचाऱ्याकडून नियमांत हयगय.' खाली सही ठोकली.

त्यानंतर हात धुऊन धुऊन तिची कातडी सोलवटली. नवरा म्हणाला, "अगं, किती घासशील? भांडी आहेत का ती?" ती हसली नाही, उठून आत गेली.

आठवड्यानं ती मावशींच्या खाटेपाशी गेली. नाकाला ऑक्सिजन, आवाज खोल गेलेला.

"माझंच कुठंतरी चुकलं बघा, सिस्टर," मावशी म्हणाल्या. "तुम्ही एवढं कानीकपाळी ओरडून शिकवलंत, पण माझं डोकंच मठ्ठ."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं ते एवढंच, "आराम करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेट्रनला सगळं सांगून टाकलं. मेट्रननं तिला नवा अहवाल लिहायला लावला, पंधरा दिवस सुट्टीवर धाडलं आणि मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला. "थकलीस, घाबरलीस, हे मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याच्या माथी मारलंस, ते थकव्यावर ढकलू नकोस."

मावशी बऱ्या होऊन कामावर आल्या, तेव्हा ती स्वतःहून त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी होती. खोटंही मीच लिहिलं."

मावशींनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. "गाऊनचं जाऊ द्या, माणूस दमतं. पण तीन आठवडे मी लेकीसमोर स्वतःला मूर्ख म्हणत होते, सिस्टर."

आणि त्या फरशी पुसायला लागल्या. तिला पुढं जाता येईना की मागं. ती भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.