आसरामायच्या तळ्याला लावलेलं फाटक

या ब्लॉगवर मी सहसा भांडत नाही. कुठं काय छान मिळतं, रस्ता कसा आहे, मुलांना न्यावं की नाही, एवढंच लिहिते. आज मात्र भांडणार आहे, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या एका तळ्यावरून. ज्यांना नुसती सहलीची माहिती हवी आहे त्यांनाही ती मिळेल, पण सोबत माझा राग वाचावा लागेल.

बोरदरीला जायचं ठरलं ते माझ्या नणंदेच्या, वैशालीच्या तान्ह्या मुलीनं मान धरली म्हणून. बोरदरी हे माझ्या सासूबाईंचं माहेर. आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. त्या गावात बाळानं मान धरली, की आसरामायच्या तळ्याचं ओंजळभर पाणी त्याच्या डोक्यावर घालतात. वैशालीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दवाखान्याच्या अनेक चकरांनंतर ही मुलगी झाली. त्या काळात आईंनी तळ्याला शब्द देऊन ठेवला होता. आम्हाला तो आत्ता कळला.

"आई, इथूनच हात जोड न," वैशाली म्हणाली. "एवढ्या थंडीत लेकराले घेऊन कुठं जातं?"

"मी तोंडातून काढलं हाय ते," आई म्हणाल्या. "तू येत नसशील तं मी एकटी पोट्टीले घेऊन जातो."

मग रविवारी सकाळी आम्ही तिघी आणि ते गाठोडं वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून निघालो. गाडी मी चालवली. आर्वीकडे जाणारे दोन रस्ते आहेत. पुलगाववरून जाणारा लांब पडतो, म्हणून मी खरांगण्याचा घेतला. मधला जंगलातला पट्टा थंडीत फार सुंदर असतो. सागाची पानं वाळून वाजत असतात आणि ऊन झाडांमधून तिरपं येतं. काही ठिकाणी खड्डे आहेत, वळणांवर ट्रक अंगावर येतात, तेव्हा घाई करू नका. आर्वीत थांबून तर्री पोहे खाल्ले. तर्री फार तिखट असते, जपून मागा, मी जपून मागितली नाही आणि कारंजा रस्त्याला लागेपर्यंत पाणी पीत राहिले. पुढे दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. रस्त्याकडेला बसलेल्या बायांकडून आम्ही संत्री आणि तुरीच्या शेंगा घेतल्या.

वाटेत आई तळ्याबद्दल सांगत होत्या. ते कोणी बांधलं हे गावात कुणालाच ठाऊक नाही. काठावर उंबराखाली सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. कुणी मूर्ती घडवली नाही, कुणी देऊळ बांधलं नाही. लग्न होऊन गावाबाहेर जाणारी मुलगी तिथं थांबून ओंजळभर पाणी पिते. पहिल्या वेचणीचा कापूस आधी तिथं ठेवतात. थंडीत तळ्यात मासे धरणाऱ्या ढीवरांच्या घरचे शिंगाडे निघतात, त्यातले पहिले सात दगडांपुढं. लहानपणी आई तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा त्यांच्या आजीनं रात्रभर त्या काठावर बसून पदर ओला करून त्यांच्या कपाळावर ठेवला होता. हे सांगताना आईंचा हात बाळाच्या टोपीवर होता.

गावाच्या अलीकडेच मोठी कमान दिसली. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'लेक व्ह्यू पर्यटन केंद्र' असं काहीतरी. आई काच खाली करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे नाई. पुढं घे."

पुढं रस्ताच नव्हता. हेच ते तळं होतं.

आता माहिती. माणशी पन्नास रुपये तिकीट, गाडीचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. आत पायडल मारायच्या, बदकाच्या आकाराच्या बोटी, फवारा, आणि प्लास्टिकच्या फुलांचं एक मोठं हृदय, त्यात उभं राहून फोटो काढायचे. केंद्राच्या बाजूनं तळ्याला छातीएवढा लोखंडी कठडा. कठड्यावर दर थोड्या अंतरावर पाटी: पाण्याला स्पर्श करू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ आणि पूजेचं साहित्य आत नेण्यास मनाई. स्वच्छतागृह चांगलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगते.

फाटकावरच्या माणसानं आईंची पिशवी उघडली. आत तांब्या, हळदकुंकू, नारळ आणि एक लहानसा चोळीचा खण.

"हे बाहेर ठेवा, मावशी."

"काऊन?"

"आत मंदिर आहे. तिथे तयार ताट मिळते."

मंदिर होतं खरं. फायबरच्या सात बाया, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, ओठ लाल, मागे रंग बदलणारे दिवे. बाजूला फलक. त्यावर लिहिलं होतं, की प्राचीन काळी इथं एका ऋषींनी तप केलं आणि त्यांच्या कमंडलूतून हे तळं निर्माण झालं. आईंना वाचता येतं. त्यांनी सगळं वाचलं, बोट ठेवून. मग मला विचारलं, "हे कोनतं तळं?"

मला तेव्हाच राग आला होता, पण खरी गोष्ट अजून बाकी होती. आई उंबराकडे निघाल्या. उंबर होता, त्याला सिमेंटचा गोल ओटा केला होता, त्यावर दोघं-तिघं कॉफी पीत बसले होते. दगड नव्हते. आईंनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. आम्ही तिथं काम करणाऱ्या एका-दोघांना विचारलं, त्यांना काही माहीत नव्हतं. शेवटी फाटकावर ठेवलेली पिशवी परत घेऊन आम्ही गाडीकडे आलो आणि आई पार्किंगमध्येच थांबल्या.

गाड्यांच्या रांगा वेगळ्या करायला कडेला दगड लावले होते, एक पांढरा, एक काळा, असे रंगवून. आई एका पांढऱ्या दगडापाशी वाकल्या. त्याच्या माथ्यावर अंगठा बसेल असा खळगा होता. किती बायांची बोटं कुंकू लावताना तिथं घासली असतील तेव्हा तो पडला असेल. खळग्यात ऑइलपेंट साचून वाळला होता.

"हे हाये," त्या म्हणाल्या. मग पुढच्यापाशी. "हे पन." सातही तिथंच होते. एकावर टायरचा ठसा होता.

मी व्यवस्थापकाला बोलावलं. तिशीतला मुलगा, बोलायला अतिशय नम्र. "मॅडम, ते जुने स्टोन होते. वेस्ट नाही केले आम्ही, लँडस्केपिंगमध्ये वापरले." त्याला खरंच वाटत होतं की ही चांगली बातमी आहे. "आणि मंदिर तर बनवून दिलं न. आधी काहीच नव्हतं."

आधी काहीच नव्हतं. मी त्याला बरंच बोलले. एक्स-रे काढताना पेशंटशी मी दिवसभर हळू आवाजात बोलते, त्यामुळे माझा आवाज इतका चढू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. तो "वरून डिझाइन आलं" एवढंच म्हणत राहिला.

तोवर आई त्या दगडांपाशी जमिनीवर बसल्या होत्या. आत येऊ पाहणाऱ्या गाड्या थांबल्या. वैशाली बाळाला घेऊन त्यांच्याशेजारी बसली.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. पंचफुलाबाई आल्या. त्या आईंच्या चौथीपर्यंतच्या वर्गमैत्रीण, बौद्ध वस्तीतल्या, आता केस पूर्ण पांढरे. त्यांनी दगडांना हात जोडले नाहीत. आईंसमोर उकिडव्या बसल्या.

"कवा आली वो शांते?"

"आत्ताच. पाह्य न, काय करून ठेवलं."

"मले दगडाचं काई नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पन पान्याले फाटक लावलं त्याचं हाय. जठी आता त्या बोटी बांधते न, तो घाट होता. माह्या मायले तठी हंडा भरू देत नव्हते. खालच्या डबक्यातून भरा म्हने. धम्म घेतल्यावर एका उन्हायात आमच्या वस्तीतल्या साऱ्या बाया त्या घाटावर उतरल्या. हंडे फोडले लोकायनं. दुसऱ्या दिवशी मडके घेऊन गेल्या."

आई खाली बघत म्हणाल्या, "फोडनाऱ्यात माहा बाप होता."

"माईत हाय मले."

मग पंचफुलाबाईंनी आईंच्या पिशवीतून तांब्या काढला, पदराखाली धरला आणि फाटकाकडे चालू लागल्या. फाटकावरचा माणूस म्हणाला, "आजी, तिकीट." त्या म्हणाल्या, "माह्या मायनं काढलं हाय," आणि आत गेल्या. मी मागे धावले. बोटींच्या फळ्यांवरून त्या सावकाश खाली उतरल्या, वाकल्या आणि तांब्या बुडवला. शिटी वाजली. मग दुसरी. त्यांनी मान वळवली नाही. भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू न देता, त्या त्याच चालीनं परत आल्या. त्यांना अडवायचं कसं हे त्या शिटी वाजवणाऱ्यालाच कळलं नाही.

आईंनी सातही दगडांवर थोडं थोडं पाणी घातलं. हळदकुंकू लावलं, ऑइलपेंटवर ते नीट धरेना. मग उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन बाळाच्या डोक्यावर सोडलं. बाळ दचकलं, रडलं आणि वैशालीही रडायला लागली. मागे हॉर्न वाजत होते. एका गाडीतून एक गृहस्थ उतरले, मोबाइलवर चित्रण करत जवळ आले आणि मला विचारलं, "हा कार्यक्रम रोज असतो का?"

उत्तर दिलं असतं तर ते इथं छापता आलं नसतं.

गावच्या सरपंचबाईंचे यजमान मोटारसायकलवरून आले. बाईंचं नाव आणि कारभार यांचा, हे तुम्हाला सांगायला नको. "काकू, गावाचा विकास होऊन राह्यला," ते म्हणाले. "पोट्ट्यायले काम भेटलं."

"कर न बापा विकास," आई म्हणाल्या. "मी नाई म्हनलं काय? दगड काऊन रंगवले?"

त्यांनी व्यवस्थापकाकडे बघितलं, व्यवस्थापकानं मोबाइलकडे. "पाह्यतो मी," असं म्हणून ते गेले. ढीवरांच्या शिंगाड्यांचं काय झालं हेही मी त्यांना विचारलं होतं. वेली बोटींच्या पंख्यात अडकतात म्हणून काढून टाकल्या, असं नंतर पंचफुलाबाईंकडून कळलं.

दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची आमटी, वांग्याची भाजी. गावात खानावळ नाही आणि केंद्रातल्या उपाहारगृहात नूडल्स मिळतात, तेव्हा डबा सोबत न्या. जेवताना कुणी तळ्याबद्दल बोललं नाही. आई आणि पंचफुलाबाई चौथीच्या गुरुजींच्या नकला करून हसत होत्या आणि मला ते हसणं ऐकूनही राग येत होता. या दोन बायांनी त्या पाण्याकाठचं सगळं बघितलं होतं, वाईटसुद्धा. फलकावर त्यातलं एक अक्षर नव्हतं. एक ऋषी आणि एक कमंडलू, संपला इतिहास. दर्शनाला येणाऱ्याला एक गोड गोष्ट हवी असते, असं कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं आणि ज्यांचं तळं, त्यांना विचारलंही नाही.

परत येताना आई गाडीत झोपल्या. मी मात्र खरांगण्यापर्यंत मनातल्या मनात त्या मुलाशी भांडत होते.

घरी आल्यावर मी दोन कार्यालयांत गेले. एकात सांगितलं की जागा आमची नाही. दुसऱ्यात सांगितलं की सुशोभीकरणाबद्दल अशी तक्रार पहिल्यांदाच आली. म्हणजे बाकी सगळे खूश आहेत, असा त्याचा अर्थ. शेजारणी म्हणाल्या, एवढं काय, दगडच तर आहेत. एक शेजारीण तर बाळाच्या उष्टावणाला तिथंच सहल काढू या म्हणाली. तिच्याशी मी अजून नीट बोलत नाही.

परवा पंचफुलाबाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला, आई गवार निवडत होत्या.

"शांते, हलवले ते."

"कोनं?"

"आमी. बाजाराच्या दिवशी. फाटकावरचे सारे मानसं बाजारात गेलते. ढीवराच्या बाया होत्या, तुह्या भावाच्या सुना होत्या, मी होती. लय जड हाय वो."

"तुह्या कामाचे नाई ते. तू काऊन उचलले?"

"तुह्याच्यानं उचलले गेले नसते न," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कंबर कशी हाय तुही?"

आईंनी कंबरेचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. मग विचारलं, कुठं ठेवले. पलीकडून त्यांनी जागा सांगितली. पाण्याच्या काठी, कठडा जिथं संपतो त्याच्याही पुढं. त्या जागेचं नाव ऐकताच आईंनी मान हलवली, त्यांना ती दिसत होती.

माझ्या प्रत्येक लेखाखाली मी नकाशा आणि नेमकं ठिकाण देते. तुमच्यातले बरेच जण त्यासाठीच येता, हे मला माहीत आहे. बोरदरीला जरूर जा, रस्ता वर सांगितला आहे. केंद्रात जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दगड कुठं आहेत हे मात्र मला विचारू नका. गावात जाऊन एखाद्या म्हाताऱ्या बाईशेजारी बसा, तिचं ऐकून घ्या. तिला वाटलं तर ती नेईल.