लोमटेंची कयाक आणि खाडीतली दुपार

उत्तरेश्वर लोमटे हडपसरच्या एका कारखान्यात बोल्ट तपासतात. तपासून झालेला बोल्ट ते पुन्हा एकदा तपासतात. माणूस इतका सावध, की बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी एक हात वरच्या दांडीलाच. अशा माणसाला पोहता येत नव्हतं, यात नवल नाही. मूळ गाव मराठवाड्यातल्या कळंबकडचं. पोहण्याइतकं पाणी त्यांनी लहानपणी फक्त टँकरमध्ये पाहिलं होतं, आणि टँकरमध्ये कुणी पोहू देत नाही.

तर या लोमटेंना कंपनीच्या दिवाळी सोडतीत कयाक लागली. पहिलं बक्षीस फ्रीज होतं, दुसरं मिक्सर. तिसऱ्या बक्षिसाच्या खोक्यावर सगळं इंग्रजीत होतं आणि चित्रात एक गोरं जोडपं निळ्या पाण्यात हसत बसलं होतं. लोमटेंना वाटलं, पाण्याचा फिल्टर असावा. हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या आपल्या फ्लॅटवर येऊन त्यांनी खोकं उघडलं, सोबतचा पंप जोडला आणि हवा भरायला घेतली. वस्तू फुगत गेली. आधी टीपॉय सरकवावा लागला, मग सोफा, मग स्वतः लोमटेंना भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं.

त्यांची बायको राजनंदिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, ती दारातच थांबली. पुढे जायला वाट नव्हती.

"अहो, हे काय आणलंत?"

"होडी आहे. हवेची."

"छान. आणि आपण राहायला कुठे जायचं?"

हवा सोडायची कशी, हे माहितीपत्रकात शेवटच्या पानावर होतं आणि ते पान होडीखाली अडकलं होतं. त्या संध्याकाळी दोघं नवराबायको कयाकमध्ये बसूनच टीव्ही बघत जेवली. लोमटेंनी अर्थातच कडा घट्ट धरून ठेवली होती. पण मधेच त्यांनी वल्हं हातात घेऊन हवेत दोनदा फिरवून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठेतरी जावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी ते मांजरीच्या नदीवर गेले. नदीकाठची जमीन भैरू घुल्यांची. घुले मूळचे गावातले. त्यांच्या उसाच्या वावरावरच लोमटेंची सोसायटी उभी राहिली होती, पण नदीकडचा तुकडा त्यांनी विकला नव्हता. लोमटेंनी लाइफ जॅकेट घातलं, हेल्मेट घातलं, देवाचं नाव घेतलं आणि होडी नदीत ढकलली. ती हलेना. नदीवर जलपर्णी एवढी माजली होती की कयाक हिरवळीवर ठेवलेल्या बाकासारखी निवांत बसून राहिली. लोमटे वल्हं मारत होते आणि पानं इकडची तिकडे होत होती.

काठावरून भैरूशेठ बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "लोमटेसाहेब, पाणी खाली हाय. तुम्ही वर हाय."

पण भैरूशेठना ती वस्तू फारच आवडली. आठवड्याभरात त्यांनी दुप्पट मोठी घेतली. तिच्यात बर्फाची पेटी ठेवायला खड्डा होता. मग सोसायटीतला बुद्धभूषण आला. तो आयटीत होता आणि कुठल्याही छंदाची सुरुवात खरेदीपासून करायचा. त्याच्याकडे गळाच्या चार काठ्या आल्या, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे आले, आणि पाण्याखाली मासे कुठे आहेत ते पडद्यावर दाखवणारं एक यंत्र आलं. शेवटी आल्या दुर्गाबाई. शहरात शाळेत जन्मभर गणित शिकवून त्या आता मुलीकडे राहायला आल्या होत्या. सोसायटीचं भजनी मंडळ सोडून इकडे का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "तिथे सगळे गातात. इथे गप्प बसायचं असतं असं ऐकलं."

अशी चौघांची मंडळी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या धरणाच्या पाण्यावर जाऊ लागली. मासा एकही लागला नाही. यंत्र मासे दाखवायचं, आणि पडद्यावर दिसून झालं की मासे निघून जायचे. भैरूशेठना गप्प बसवत नसे. ते माशांना हाका मारायचे. लोमटेंना गळ टाकताना दोन्ही हात सोडावे लागत, म्हणून ते तो टाकतच नसत. दुर्गाबाई शाकाहारी. त्या दोऱ्याला नुसता कणकेचा गोळा बांधायच्या.

"बाई, आकडा राहिला लावायचा," बुद्धभूषण एकदा म्हणाला.

"राहिला नाही. मी जेवायला घालते आहे."

कोकणातल्या खाडीवर जायचं ठरलं ते भैरूशेठच्या हट्टामुळे. धरणातले मासे शिकलेले असतात, खाडीतले भोळे असतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. भैरूशेठच्या मोठ्या गाडीतून सगळे निघाले, टपावर चार होड्यांच्या गुंडाळ्या. राजनंदिनीही आली. "मी पाण्यात उतरणार नाही, पण तुम्ही परत आलात की नाही हे कुणीतरी बघायला पाहिजे," असं तिचं म्हणणं होतं.

भरती-ओहोटीचं काम बुद्धभूषणकडे होतं. त्याच्याकडे त्याचंही ॲप होतं. दुपारी ओहोटी संपते आणि मग पाणी चढत जातं, असं त्याने सांगितलं. त्याप्रमाणे सगळे खाडीवर पोचले, तर पाणी काठाला टेकलेलं. तिवरांच्या झाडांच्या कमरेपर्यंत.

"ओहोटीला एवढं?" भैरूशेठ खूश झाले. "मग भरतीला काय समुद्रच येतोय व्हय?"

कुणालाच शंका आली नाही. एरवी बोल्ट दोनदा तपासणाऱ्या लोमटेंनीही ॲप एकदाच पाहिलं. चौघं मजेत वल्हवत खाडीच्या एका अरुंद फाट्यात शिरले. दोन्ही बाजूंना तिवरं, वर बगळे, खाली संथ पाणी. लोमटेंनी कडेवरचा हात काढला. थोडा वेळच, पण काढला. मग सगळ्यांनी गळ टाकले, म्हणजे दोघांनी गळ टाकले, एकीने जेवण वाढलं, आणि लोमटे बघत राहिले.

काही वेळाने भैरूशेठ म्हणाले, "पाणी कमी व्हतंय का काय?"

"नाही, वाढतंय," बुद्धभूषण ॲप बघत म्हणाला.

तिवरांची मुळं दिसायला लागली.

"बुद्धभूषण," दुर्गाबाई म्हणाल्या, "वाढतंय ते कुठल्या दिशेने?"

"बाई, ॲपमध्ये क्लिअर वाढतंय."

तेवढ्यात त्याच्या यंत्राने खोली शून्य दाखवली आणि ते ओरडायला लागलं. कयाक खाली टेकल्या. पाणी जितक्या संथपणे आलं होतं तितक्याच संथपणे निघून गेलं, आणि चौघं आपापल्या रंगीत होड्यांत, अंगात लाइफ जॅकेट, हातात वल्हं, अशा थाटात विस्तीर्ण काळ्या चिखलात बसून राहिले. बुद्धभूषणने ॲप उलटंपालटं केलं. मग त्याचा चेहरा पडला. ॲपमधली वेळ लंडनची होती.

"म्हणजे लंडनला आत्ता पाणी असेल," दुर्गाबाई म्हणाल्या.

भैरूशेठ स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. "चिखल काय आपल्याला नवा हाय का? उसाला पाणी द्यायला जन्म गेला," असं म्हणत त्यांनी पाय बाहेर टाकला आणि ते मांडीपर्यंत आत गेले. तिघांनी मिळून ओढल्यावर ते परत आले, पण एका पायातला बूट खाडीने ठेवून घेतला. त्यानंतर कुणी उतरायचं नाही असं एकमताने ठरलं.

काठाजवळच्या ज्या घरी जेवण सांगितलं होतं, तिथून राजनंदिनीचा फोन आला. "अहो, जेवायला येताय ना?"

"येतो. जरा पाण्याची वाट बघतोय."

"पाण्यातच गेलात ना?"

"हो. पण ते गेलं."

ती म्हणाली, "बरं. सोलकढी झाकून ठेवते."

ती काठावर येऊन उभी राहिली, तेव्हा लांबून चिखलात चार ठिपके दिसत होते. तिने हात केला. लोमटेंनी वल्हं हलवून उत्तर दिलं. खाली चिखलात बारीक लाल खेकडे बाहेर आले होते आणि एकेक नांगी उंचावून तेही हात करत होते.

थोड्या वेळाने गावाहून लोमटेंच्या आईचा, मुक्ताईचा फोन आला. रविवारी ती न चुकता करते.

"काय करायलास?"

"होडीत बसलोय, आई."

"आरं देवा! खोल हाय का पाणी?"

"पाणी नाही."

"मग कशात हाय होडी?"

"चिखलात. पाणी यायचंय अजून."

"टँकर किती वाजता येतो तिथला?"

"टँकर नाही आई, समुद्र."

आईने फोन शेजारणीकडे दिला. पोराला ऊन लागलंय की काय, ते तिने जरा बोलून बघावं म्हणून.

ऊन खरंच होतं. डबे उघडले. राजनंदिनीने वाटेसाठी केलेले धपाटे लोमटेंकडे होते, शेंगदाण्याची चटणी भैरूशेठकडे, लोणचं दुर्गाबाईंकडे. होड्या हाताच्या अंतरावर असल्यामुळे वल्ह्याच्या पात्यावर ठेवून वाढप झालं. जेवणावर भैरूशेठनी ढेकर दिला आणि एक बगळा उडाला. बुद्धभूषण मात्र जेवेना.

"सॉरी," तो सारखं म्हणत होता. "माझीच चूक. मी टाइम झोन चेक करायला हवा होता."

"तू खा आधी," लोमटे म्हणाले. "आमच्याकडे वाट बघायची सवय असते."

हे ते सहज बोलले, पण मग त्यांनाच जाणवलं की ते अजिबात घाबरलेले नाहीत. दोन्ही हात मोकळे होते. एका हातात तर धपाटा होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा चिखलातल्या एका बारीक भेगेतून पाण्याची चिंचोळी रेघ आत आली. मग दुसरी. खेकडे बिळात गेले. पाणी कुणाशी न भांडता, आवाज न करता येत होतं, सगळीकडे सारखं. लोमटे होडीत वाकून बघत होते. गावी पाणी यायचं तेव्हा घागरींचा आणि शिव्यांचा केवढा कल्लोळ असायचा. इथे रांगसुद्धा नव्हती. त्यांची कयाक हळूच उचलली गेली. त्यांच्या तोंडून "आलं!" असं एवढ्या मोठ्याने निघालं की काठावर राजनंदिनी दचकली.

भरतीबरोबर बोय मासे आत शिरले. बोय पाण्याबाहेर उड्या मारतात, हे यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एक चांगला हातभर लांब मासा चकाकत उडाला आणि थेट दुर्गाबाईंच्या मांडीवर पडला.

"बाई, धरा!" भैरूशेठ किंचाळले. "सोडू नका! बर्फाची पेटी हाय माझ्याकडं!"

मासा तडफडत होता, दुर्गाबाई अजिबात नाही. त्यांनी पदराचं टोक बाजूला केलं, चष्मा सारखा केला आणि माशाकडे पाहिलं. जन्मभर उशिरा वर्गात येणाऱ्यांकडे पाहिलं असेल तसं.

"लोमटे, इकडे या. मला हा ओला लागतो आहे. उचला."

लोमटेंनी पुढे झुकून दोन्ही हातांनी मासा उचलला. होडी डुगडुगली. त्यांनी कडा धरली नाही, कारण हात रिकामे नव्हते.

"पेटीत! पेटीत!" भैरूशेठ.

"घुले, हा आपण पकडलेला नाही," बाई म्हणाल्या. "हा आलेला आहे. आलेल्याला कुणी बर्फात ठेवत नाही."

लोमटेंनी भैरूशेठकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मासा पाण्यात सोडला. भैरूशेठ काठाला लागेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. अर्थात सोलकढीचा दुसरा वाडगा संपता संपता ते बोलायला लागले, आणि मांजरीत पोचेपर्यंत तो मासा त्यांनीच सोडून दिला होता, तोही मोठ्या मनाने.

या प्रकारानंतर मंडळ मोडेल असं सोसायटीला वाटलं होतं. उलट दोन नवी माणसं आली. बुद्धभूषण हल्ली जाण्याआधी तिथल्या माणसांना फोन करून वेळ विचारतो. आणि लोमटेंनी पोहण्याचा वर्ग लावला. हडपसरच्या जलतरण तलावावर पहिलीतल्या मुलांच्या तुकडीत, पाठीला थर्माकोलचा डबा बांधून, पंचेचाळिशीतला हा माणूस महिनाभर पाय मारत राहिला. मुलं पुढे गेली, हे तिथेच राहिले, पण त्यांनी सोडलं नाही.

ज्या दिवशी डब्याशिवाय ते या काठावरून त्या काठाला गेले, त्या दिवशी राजनंदिनी बघायला आली होती. पलीकडे पोचून, कठड्याला न धरता, ते छातीभर पाण्यात उभे राहिले आणि हात वर करून ओरडले, "राजनंदिनी! आलो की नाही पलीकडे?"

ती टॉवेल घेऊन उभी होती. म्हणाली, "आलात. आता तसेच परत या. कपडे इकडे आहेत."