नंदूचा नकार

नंदू झोपेतच गेल्याचा फोन आला तेव्हा मी तारकर्लीच्या आमच्या लॉजवर पाहुण्यांना सोलकढी वाढत होतो. बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशीही गाठली नव्हती...

पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो गावी परतला होता. लॉजांचं बुकिंग इंटरनेटवरून चालवायचं, हाच त्याचा इथे राहण्याचा आधार. आणि पहिलं गिऱ्हाईक आम्ही. मुंबईची एक साइट त्याच्या कॉम्प्युटरला विचारायची, खोली आहे का? उत्तराच्या माथ्यावर आकडा, खाली मजकूर. दोनशे म्हणजे काम झालं, चारशेच्या घरातला आकडा म्हणजे झालं नाही. एवढं समजायला मला आठवडा लागला. मजकूर मात्र मी, मराठीचा मास्तर, हौसेने लिहून दिला : 'क्षमस्व, सर्व खोल्या भरल्या आहेत.'

पण कुणाला नाही म्हणणं नंदूच्या जिवावर यायचं. त्याने होकाराला दोनशे ठेवले, नकारालाही दोनशेच. साइट फक्त आकडा बघायची आणि खोली पक्की धरायची. माझं क्षमस्व कुणीही वाचलं नाही.

नाताळात, सगळं भरलेलं असताना, डोंबिवलीचं एक कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहिलं. बायको भावावर कडाडली, "तुझो कॉम्प्युटर तुझ्यासारखोच मेलो! तोंडार होय म्हणता आणि मागसून कारणां सांगता. आजच्या आज बंद कर!"

"ताई, ता बंद केलंस तर माका परत पुण्याक जावचा लागतला गो."

"मगे नाय म्हणूक शीक!"

नंदूने त्या कुटुंबाला आपल्या घरी नेलं, स्वतःची खोली दिली आणि आपण ओटीवर पथारी पसरली. सकाळी माझ्यासमोर बसून त्याने नकारासाठी चारशे नऊ लिहिलं. शेवटचं बटण दाबायला इतका वेळ लावला, जणू समोरच्याच्या तोंडावर दार लावतोय. मग हळूच म्हणाला, "भावजी, नकाराखालचो मजकूर साइट आता गिऱ्हायकाक दाखवतली. तो मी लिवतंय हां." माझं क्षमस्व गेलं. त्या जागी आलं : 'आज खोली नाही. जेवायला मात्र या.'

बायकोने वाचलं, हसू दाबलं. "ऱ्हवांदे," म्हणाली. नंदू गावातच राहिला.

तो गेल्यावरही त्याचा मजकूर तसाच आहे. गेल्या रविवारी कोल्हापूरचं एक तरुण जोडपं आलं. "खोली नाही मिळाली, पण जेवायला या म्हणून लिहिलंय तुम्ही... खरंच बोलावलंय ना?"

"माझ्या भावाने बोलावलंय," बायको म्हणाली, आणि दोन ताटं घेतली.